एअर रायफल खोलण्याआधी

दहा मीटरच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अवघा ०.५ मिलिमीटरचा असतो आणि गुणांची वर्तुळे एकमेकांपासून २.५ मिलिमीटर अंतरावर असतात. इतक्या बारीक हिशेबात नेम जरासा ढळला तरी गुण जातो, आणि मग संशय थेट रायफलवर येतो. हा संशय कधीकधी खराही असतो. पण दोष बहुतेक वेळा हवेत, छर्ऱ्यात किंवा एखाद्या सैल स्क्रूमध्ये सापडतो. म्हणून पाने हातात घेण्याआधी तो नेमका कुठे आहे हे वेगळे काढावे, असे माझे ठाम मत आहे.

कोणतीही तपासणी सुरू करण्यापूर्वी लिव्हर उघडून नळीत छर्रा नाही याची डोळ्यांनी खात्री करावी आणि नळीचे तोंड सुरक्षित दिशेलाच ठेवावे. दाबाखालची हवा साठवणारा सिलिंडर काढल्यानंतरही रायफलमध्ये थोडी हवा शिल्लक असू शकते, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही.

सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार म्हणजे सिलिंडर रात्रीतून उतरतो. इथे एक गोष्ट आधी बाजूला काढली पाहिजे. सिलिंडर भराभर भरला की आतली हवा तापते आणि निवताना दाब आपोआप काही बार (बार हे दाबाचे एकक) उतरतो, म्हणून भरल्याबरोबर दिसणारा २०० बारचा आकडा खरा मानू नये. सिलिंडर सावकाश भरावा, निवू द्यावा आणि मग गेज, म्हणजे दाबमापक, वाचावे. त्यानंतरही दाब घटत असेल तर सिलिंडर रायफलपासून वेगळा करून रात्रभर ठेवावा. सकाळी दाब तसाच असेल तर गळती रायफलमध्ये आहे. घटला असेल तर ती सिलिंडरच्या झडपेत किंवा गेजच्या जोडावर आहे. त्या जोडावर साबणाचे पाणी ब्रशने लावून दोन-चार मिनिटे नीट पाहत राहावे. मोठी गळती लगेच फेसाळते, पण बारीक गळतीत एकच बुडबुडा अगदी हळूहळू फुगतो आणि घाई करणाऱ्याच्या नजरेतून निसटतो. तपासून झाल्यावर पाणी लगेच कोरडे पुसावे.

रायफल आणि सिलिंडर यांच्या जोडावरची ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) भिंगाखाली पाहिली, तर तिच्या कडेला केसाएवढी चीर किंवा चिकटलेला कचरा अनेकदा आढळतो. ओ-रिंग बदलताना सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात पुरतो. साधे मशीन ऑइल मात्र उच्च दाबाच्या हवेजवळ कधीही वापरू नये, कारण ते पेट घेऊ शकते. आणि सिलिंडरमध्ये ऑक्सिजन भरणे तर थेट जीवावर बेतू शकते.

दुसरी तक्रार ग्रुप फुटल्याची, म्हणजे छर्रे एका जागी न लागता विखुरल्याची. यात मी हवेकडे सर्वांत शेवटी वळतो. आधी नेम धरायची साइट आणि कुंदा यांचे स्क्रू निर्मात्याने सांगितलेल्या बलानेच आवळलेले आहेत का ते पाहावे, मग रायफल टेकूवर ठेवून एकाच डब्यातले छर्रे मारावेत. टेकूवर ग्रुप घट्ट आला तर रायफल निर्दोष आहे. तरीही फुटला, तर दुसऱ्या बॅचचे छर्रे वापरून पाहावेत. डोक्याचा व्यास ४.४९ की ४.५० मिलिमीटर, एवढ्याशा फरकानेही एखादी नळी रुसते. नळी साफ करायची तर फेल्टच्या गोळ्या वापराव्यात, धातूची सळई घालून तोंडाची कड खरवडू नये.

पहिला छर्रा वर लागतो आणि पुढचे जागेवर येतात, असे विश्रांतीनंतर दर वेळी घडत असेल तर रेग्युलेटर (सिलिंडरमधल्या हवेचा दाब ठरावीक पातळीवर आणणारा भाग) पूर्ण बंद होत नसून त्यापुढचा दाब हळूहळू चढत असावा. वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफवर हे स्पष्ट दिसते: पहिल्या छर्ऱ्याचा वेग जास्त, नंतरचे एकसारखे. याउलट शेवटचे छर्रे खाली उतरू लागले, तर सिलिंडरमधला दाब रेग्युलेटरच्या ठरावीक दाबाखाली गेला आहे आणि फक्त हवा भरायची आहे. रेग्युलेटर मात्र घरी उघडू नये. त्यातली झडप आणि बैठक यांचे माप हाताने जुळत नाही, तेव्हा तो अधिकृत सर्व्हिसकडेच द्यावा. तो देताना सिलिंडरवर कोरलेली वापराची मुदतही वाचून घ्यावी, कारण मुदत संपलेला सिलिंडर कितीही चांगला दिसला तरी पुन्हा भरायचा नसतो.