चुंबक चिकटेना!

"इथे पत्राच नाहीये," मिस्त्री चुंबक फिरवता फिरवता म्हणाले आणि खरंच, गाडीच्या मागच्या चाकाच्या वरती चुंबक पकडच घेईना.

बाहेरून रंगाला जेमतेम वाटाण्याएवढा फोड होता. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायला घेतलं तर आधी रंग, मग प्रायमर, मग पुट्टीचा हा जाड थर आणि त्याच्याखाली गंजाच्या नुसत्या खपल्या, स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर आरपार! (मास्क लावूनच घासा हो, जुन्या रंगात शिसं असू शकतं.)

म्हणजे आधी कोणीतरी गंज न काढताच वरून पुट्टी थापून गाडी चकाचक करून दिलेली. पुट्टी ओल धरते, आत गंज वाढतच राहतो, वरून कळणार कसं?

राग आला, पण मिस्त्री म्हणाले, "घासायचे पैसे द्यायला कोणी तयार नसतं, चमक मात्र सगळ्यांना पाहिजे." यावर काय बोलणार!

आता तेवढा भाग कापून नवीन पत्रा वेल्ड करायचा आणि लगेच गंज रोखणारा इपॉक्सी प्रायमर, कारण उघडा पत्रा दमट हवेत काही तासांतच लालसर पडायला लागतो.

बाकीच्या पॅनलवर चुंबक फिरवून बघू का, की नकोच?