बेडकं कुठं गेली? तुम्ही विचारलंत म्हणून

पाऊस लागला की बेळगावजवळच्या खानापुरात मला हमखास विचारतात, "बाई, हल्ली बेडकं ओरडत नाहीत, काय झालं हो?" आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर देतात, "शेतातल्या औषधांनीच ना?" मी "होय" म्हटलं की माणूस समाधानानं चहा संपवतो. यंदा नुसतं "होय" म्हणणार नाही.

औषध आहेच. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो, पाणीही कातडीतूनच शोषतो. डबक्यात जे उतरतं ते थेट त्याच्या अंगात जातं. उसात मारतात त्या अ‍ॅट्राझिन या तणनाशकावर टायरोन हेज या अमेरिकन शास्त्रज्ञानं 2002 मध्ये दाखवलं की अगदी किरकोळ मात्रेनंही नर बेडकांत मादीची लक्षणं येतात. त्यावर भरपूर वाद झाला, अजून चालू आहे.

पण औषधाच्या आधी भात गेला. बैलबेडकाच्या पिल्लाला पाय फुटून शेपटी गळेपर्यंत महिनाभर तरी साचलेलं पाणी लागतं. ते भाताच्या वाफ्यात मिळायचं. उसात पाणी साचू देत नाहीत, चर मारून बाहेर काढतात. बेळगावच्या कडेला तर बासमतीच्या वाफ्यांवर प्लॉट पडले. त्यात पाऊस मध्येच दडी मारतो आणि डबकं पिल्लांसकट वाळतं.

पूर्वी मी हे काही ऐकून घेत नसे. गोव्याची हॉटेलं आणि त्यांचं 'जंपिंग चिकन', म्हणजे बेडकाच्या तंगड्या, एवढंच माझं उत्तर. ते उत्तर जांबोटी रस्त्यावर अडलं.

जूनमधला पहिला मोठा पाऊस होता. रात्री वाफ्यात बॅटऱ्या फिरताना दिसल्या म्हणून गाडी थांबवली. तीन पोरं, एक पोतं. त्यातला एक माझाच जुना विद्यार्थी. पळाला नाही, उलट "नमस्कार बाई" म्हणाला. मी पोतं उघडायला लावलं. आत लिंबासारखे पिवळेधमक नर एकमेकांवर रेटले होते, गळ्याखालच्या निळ्या पिशव्या चुरगळलेल्या. हा रंग विणीच्या त्या मोजक्या दिवसांतच चढतो, आणि पकडतात ते नेमके तेव्हाच. तळाशी एक मोठी मादी होती. तिची अंडी पोत्याच्या सुतळीला बुळबुळीत चिकटली होती, काळ्या टिपक्यांची.

मी कायदा सांगितला. 1972 चा वन्यजीव कायदा, 1987 ची तंगड्यांच्या निर्यातीवरची बंदी, सगळं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, तुमच्या भावाच्या उसात औषध मारायला मीच जातो की. तिथं मेलेली कोण मोजतंय?"

मग मादी माझ्या हातात दिली. "ही सोडा तुम्ही. बाकीची नेतो."

मी सोडली. वनखात्याला फोन केला नाही. का नाही, हे मला घरच्यांनीही विचारलंय. कधी वाटतं करायलाच हवा होता. कधी वाटतं, त्या पोराला आत घालून भावाच्या बांधावर चहा प्यायला कुठल्या तोंडानं गेले असते? दोन्ही खरं वाटतं. याहून जास्त खुलासा माझ्याकडे नाही.

शिवाय पोती भरणारे बैलबेडूकच नेतात. वाफ्यातली टिचभर बेडकं कोण खातंय? तीही कमी ऐकू येतात. 2023 च्या जागतिक पाहणीत उभयचरांच्या 41 टक्के जाती धोक्यात निघाल्या. जगात इतरत्र ज्या बुरशीनं बेडकांचा फडशा पाडला, ती सह्याद्रीतही सापडलीय. आपल्याकडे तसे मेलेल्या बेडकांचे खच पडलेले दिसले नाहीत, एवढाच दिलासा. आंबोलीचा तो छोटा भेक तर जगात इनमिन तिथल्याच परिसरातल्या खडकाळ सड्यांवरचा. 2009 मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं, आणि तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे.

"मग करायचं काय?" हाही प्रश्न येतोच. डासांसाठी डबक्यात गप्पी मासे सोडू नका, ते बेडकांची अंडी-पिल्लं खातात. शेततळ्याच्या गुळगुळीत प्लास्टिकवरून बेडकाला वर येता येत नाही, कडेला एक पोतं लोंबतं सोडा. पहिल्या पावसाच्या रात्री चोर्ल्याच्या रस्त्यावर गाडी हळू हाका. एवढ्यानं बेडकं परत येतील असं मी म्हणत नाही.

भावाला बांध तरी सोड म्हटलं. बांधावर मारणार नाही, म्हणाला. उसात मारणारच. माणूसही तोच लावणार, त्याच्यासारखा कामाला दुसरा मिळत नाही म्हणे.