डोंबिवली ते चिपळूण: पगार, घरभाडं आणि एचआरचा एक कागद (माझा अनुभव)

घर शोधणं, टेम्पो, मुलाचा शाळेचा दाखला, गॅस ट्रान्सफर हे सगळं वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. अडवलं ते एका कागदाने, पगाराच्या ब्रेकअपच्या (पगारात काय काय, किती धरलंय त्याची फोड), आणि त्याचा राग अजून गेलेला नाही म्हणून हे लिहितेय. मुंबई-ठाण्याकडून परत कोकणात येऊन लोट्याला, खेर्डीला (चिपळूणजवळच्या एमआयडीसी) नाहीतर रत्नागिरीला जॉब घ्यायचा विचार करणारे माझ्याच ओळखीत बरेच आहेत, प्रत्येकजण फोनवर तेच विचारतो, त्यांच्यासाठी एकदाच सगळं सांगून टाकते.

मी क्यूसीमध्ये (मालाची गुणवत्ता तपासण्याचं काम) आहे, डोंबिवलीत राहायचे. हातात ५८ हजार यायचे, वन बीएचकेचं भाडं १७ हजार, म्हणजे भाडं देऊन ४१ उरायचे. मिस्टर घरूनच अकाउंट्सची कामं करतात, त्यांना कुठेही चालतं. सासूबाई गुहागरला एकट्या. त्यामुळे लोट्याच्या एका केमिकल कंपनीकडून ऑफर आली तेव्हा मन तर तयारच होतं, प्रश्न फक्त गणिताचा होता.

ऑफर ७ लाख २० हजार सीटीसीची, म्हणजे कंपनी वर्षाला आपल्यावर करते त्या एकूण खर्चाची. फोनवर एचआर म्हणाले, महिना ६० हजार, आणि चिपळूणला घर आठ हजारात मिळतं, म्हणजे मॅडम तुम्ही फायद्यातच. आता हे ६० हजार हातात येत नाहीत हे नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं पण घर बदलायच्या गडबडीत लोक तोच आकडा धरून बसतात म्हणून फोड करून सांगते. बेसिक ३० हजार धरा. त्याच्या १२ टक्के म्हणजे ३६०० कंपनीचा पीएफ, तो सीटीसीतच मोजलेला. तेवढाच आपला, तो पगारातून कापला जाणार. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, म्हणजे १४४३ रुपये, तेही सीटीसीत, आणि मिळणार ५ वर्षं टिकलात तर. व्हेरिएबल महिन्याला तीन हजार धरलेले, ते वर्षाच्या शेवटी आणि कंपनीच्या मर्जीवर. प्रोफेशनल टॅक्स २००, फेब्रुवारीत ३००. सगळं वजा केलं की हातात ४८ हजाराच्या आसपास. (पीएफ पूर्ण बेसिकवर कापतात की १५ हजाराच्या मर्यादेवर, म्हणजे १८०० रुपये, हे आधी विचारा. हातातल्या आकड्यात त्याने चांगला फरक पडतो.)

४८ मधून ८ गेले तर ४० उरतात, डोंबिवलीपेक्षा एकच हजार कमी, आणि लोकलची धक्काबुक्की नाही, कंपनीची बस दारात. इथवर एचआरचं म्हणणं बरोबर. पण आठ हजाराचं घर चिपळूणला कुठे मिळतं ते बघा ना. २२ जुलै २०२१ ला ज्या भागात पाणी होतं तिथे, आणि तेही तळमजल्यावर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, त्या पुरात बाजारपेठेत दहा-बारा फूट पाणी चढलं होतं, खेर्डी, पेठमाप, मुरादपूर, शंकरवाडी सगळं पाण्यात. २००५ लाही पूर आला होता. त्यामुळे गावातले लोक भाड्याचं घर बघताना खोल्या किती हे नंतर विचारतात, आधी विचारतात "एकवीसला पाणी कुठवर आलेलं?" आणि हे एजंटला विचारू नका, शेजारच्या दुकानदाराला विचारा, तो हात वर करून भिंतीवर दाखवतो. मी बघितलेल्या एका घरात नवीन रंग दिलेला होता, छान फिकट पिवळा, पण लाइटचा मीटर पाहिला तर नेहमीच्या जागेवरून काढून जिन्याच्या वळणावर, माझ्या डोक्याच्याही वर बसवलेला, आणि खालच्या जुन्या बोर्डाची भोकं सिमेंटने बुजवलेली. दरवाज्याची चौकट खालून फुगलेली, कडी लागेना. मला पुढे विचारायची गरजच पडली नाही. निळी आणि लाल पूररेषा हे शब्दही कानावर येतील, निळी म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या पुराची.

तर पाणी न येणारं घर, हायवेच्या वरच्या अंगाला चढावर, दुसरा मजला, टू बीएचके, साडेबारा हजार. ४८ मधून साडेबारा गेले की उरतात साडेपस्तीस. म्हणजे डोंबिवलीपेक्षा साडेपाच हजार कमी. "फायद्यातच" म्हणणारी ऑफर इथे तोट्यात जाते आणि हा फरक फक्त पाण्याचा आहे. खेडला राहायचाही विचार केला, लोटे खेड आणि चिपळूणच्या मधे आहे, खेडला राहिलं तर चिपळूणकडचा परशुराम घाट रोज लागत नाही, पण तिथे जगबुडी नदीचं पाणी बाजारात शिरतं, म्हणजे प्रश्न तोच.

आता तो कागद. मी एचआरला सांगितलं, मला ब्रेकअप लेखी द्या आणि घरभाड्याचा भाग कसा ठरवला ते सांगा. उत्तर आलं, सिस्टिममधून जनरेट होईल. मग, साहेब टूरवर आहेत. मग, जॉइनिंगच्या दिवशी मिळेल. जॉइनिंगच्या दिवशी? मी इथे राजीनामा द्यायचा, नोटीस पिरियड सुरू करायचा, मुलाचा दाखला काढायचा, आणि पगार किती ते तिकडे गेल्यावर कळणार? इकडे चिपळूणच्या मालकीणबाई, चांगल्या आहेत बिचाऱ्या, पण त्यांचंही बरोबरच होतं, "तुमचं काय ते नक्की करा गो बाई, बँकेतले एकजण पण बघून गेलेत." टोकन दिल्याशिवाय त्या घर धरून ठेवेनात, आणि कागदाशिवाय मी टोकन देईना. त्या काळात रात्री झोप नाही, फोन वाजला की एचआर असेल म्हणून धावायचं.

शेवटी ब्रेकअप तोंडी कळला. घरभाड्याच्या भागासाठी कंपनीचं शहरांचं कोष्टक आहे, मुंबई वरच्या गटात, चिपळूण सगळ्यात खालच्या. सरकारीतही असे गट आहेत, सातव्या वेतन आयोगात केंद्राच्या कर्मचाऱ्यांना मुंबई-पुण्यात बेसिकच्या ३० टक्के एचआरए (घरभाडे भत्ता) आणि छोट्या गावांत १० टक्के, पण तिथे निदान नियम छापलेला असतो, कोणीही वाचू शकतो. इथे कोष्टक दाखवायलाच तयार नाहीत. आणि वर मला काय सांगितलं, "मॅडम, तुमच्या मिस्टरांचं घर आहे ना गुहागरला, मग भाड्याचा प्रश्नच कुठे येतो?" गुहागर ते चिपळूण ४५ किलोमीटरच्या आसपास, शृंगारतळी, मार्गताम्हाने करत, आणि पुढे घाट चढून लोटे. पावसाळ्यात सकाळच्या शिफ्टला रोज हे करायचं? मुंबईत बसून नकाशावर बोट ठेवणाऱ्या माणसाने माझ्या सासरच्या घराचा हिशोब माझ्या पगारात धरावा याचा मला मनापासून संताप आला, आजही येतो.

दुसरं आमिष एचआरएचं. "एचआरए जास्त दाखवतो, टॅक्स वाचेल." अहो, नव्या टॅक्स रिजीममध्ये एचआरएची सूट मिळतच नाही, ती जुन्या रिजीमलाच. आणि २०२५-२६ पासून नव्या रिजीममध्ये पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत टॅक्सच लागत नाही. माझ्या पगारावर वाचवायला टॅक्स होता कुठे? त्यामुळे सव्वासात-आठ लाखांच्या ऑफरवर कोणी एचआरएचं गाजर दाखवलं तर सरळ म्हणायचं, नावं काहीही द्या, हातात किती ते लिहून द्या.

मार्ग निघाला तो प्लांटवरच्या अॅडमिनच्या एका दादांमुळे. ते स्वतः खेर्डीचे, एकवीसला त्यांच्याच घरात पाणी. इंटरव्ह्यूच्या दिवशी ओळख झालेली. ते म्हणाले, तोंडी काही बोलू नका, मेल टाका, आणि सीसीत प्लांट हेडना घ्या. मी मेल लिहिला, रागाचा एक शब्द न घालता, डोंबिवलीचा हिशोब, आठ हजाराच्या घराचा हिशोब, साडेबाराच्या घराचा हिशोब, आणि खाली त्या वर चढवलेल्या मीटरचा फोटो. प्लांट हेडनी तो तसाच वर पाठवला. त्यानंतर जो कागद इतके दिवस जनरेट होत नव्हता तो झाला, त्यात महिना तीन हजार साइट अलाउन्स होता. पहिल्या पत्रात तो "एका वर्षापुरता" लिहिलेला, मी ते काढून घेतलं. पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

म्हणजे आता भाडं देऊन साडेअडतीस उरतात. डोंबिवलीत स्टेशनची रिक्षा, पास, बाहेरचा डबा यात अडीच हजाराच्या वर जायचे, ते इथे शून्य. हिशोब बसला. आणि तो मी भांडून बसवला याचा मला अभिमान आहे. सुधारलेलं पत्र मेलवर आलं, त्याच संध्याकाळी टोकन टाकलं.

अॅग्रीमेंट एका सकाळी झालं. ११ महिन्यांचं असलं तरी महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स (घराचा भाडेकरार) रजिस्टर करावंच लागतं, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोटरी करून देतो म्हणाले तर ऐकू नका. रजिस्ट्रेशन फी नगरपरिषद हद्दीत १००० आणि ग्रामपंचायतीत ५००, स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात डिपॉझिटवरचं १० टक्के व्याज धरतात, माझी चारशेच्या आत बसली. वरचे जे पैसे जातात त्यातले बरेचसे एजंटचे.

टेम्पोचं राहिलंच. एप्रिल-मेमध्ये शिफ्ट होत असाल तर हापूस घेऊन वाशी मार्केटला आलेल्या गाड्या परत जाताना बऱ्याचदा रिकाम्या असतात, चिपळूण-रत्नागिरीकडच्या कोणा बागायतदाराची ओळख काढा, मला पॅकर्सवाल्यांच्या निम्म्याहून कमी पैशात काम झालं. जुलैमध्ये सामान हलवू नका.

आणि चढावरचं घर घेताना पाण्याचं उलटंही विचारा. पुराचं येत नाही, पण मे महिन्यात नळाला येतं का? बिल्डिंगला विहीर आहे का, टँकर लागतो का, त्याचे पैसे भाड्यात की वेगळे? आमच्याकडे विहीर आहे, तरी हे मी अॅग्रीमेंटमध्ये लिहून घेतलं.