क्लचची केबल का जळत होती

किल्ली फिरवली की एकच ‘टक्’. पुढं काहीच नाही. सकाळी नागपूरच्या मानेवाड्याहून निघताना गाडी जडपणे का होईना, सुरू व्हायची. दुपारी इंजिन तापलेलं असलं की मात्र हा ‘टक्’ ठरलेला. १९९७ची कार्ब्युरेटरवाली गाडी आहे. मुलीला जन्मल्यावर दवाखान्यातून याच गाडीनं घरी आणलं होतं. ती भंगारात द्यायचा विचारही मला सोसत नाही.

आधी बॅटरी बदलली. दोनेक आठवडे बरे गेले. मग सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, उतरवला, कार्बन आणि बुश नवे टाकले. फरक नाही. याच दोन महिन्यांत क्लचची केबलही दोनदा बदलली, कारण ती आतल्या आत आवळून जायची. या दोन दुखण्यांचा एकमेकांशी संबंध असेल असं कुणालाच वाटलं नाही, मलाही नाही.

नवतप्यातल्या, म्हणजे मे अखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतल्या, एका दुपारी बर्डीवर गाडी अडली. ही मागच्या सीटवर घामानं निथळत बसलेली, डांबर मऊ झालेलं. दोन फळवाल्यांनी धक्का दिला, दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला, तेव्हा कुठं इंजिन लागलं. घरी पोचल्यावर बॉनेट उघडलं आणि क्लचच्या केबलला सहज हात लागला. चटका बसला. सायलेन्सरपासून ती चांगली लांब आहे. मग ती तापली कशानं?

रात्रभर तेच डोक्यात. मी २८ वर्षं वीज खात्यात काढली. काटोलकडं संत्र्याच्या बागांत ट्रान्सफॉर्मरपाशी व्होल्टेज ठीक असायचं आणि शेवटच्या विहिरीवर मोटर नुसती गुरगुरायची. दोष ना ट्रान्सफॉर्मरचा, ना मोटरचा. मधल्या एखाद्या सैल जोडाचा. तो जोड रिकाम्या लाइनवर सापडत नाही, मोटर चालू असतानाच सापडतो. माझ्या गाडीत मी ते एकदाही मोजलं नव्हतं.

सकाळी गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि इंजिन लागू नये म्हणून कॉइलची वायर काढून ठेवलेली. मुलगी किल्लीवर, मी मल्टिमीटर घेऊन समोर. एका वेळी चार-पाच सेकंदच सेल्फ मारायचा, नाहीतर आतली वाइंडिंग तापते.

बॅटरी नुसती असताना १२.६ व्होल्ट. सेल्फ मारताना बॅटरीवर ११.१, पण सेल्फच्या मोठ्या बोल्टावर, त्याच्याच बॉडीशी मोजले तर ८.४. म्हणजे २.७ व्होल्ट वाटेतच गेले. आता शोधायचं कुठं ते. बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या बोल्टापर्यंत ०.४; तारेचं वय पाहता चालेल. बॅटरीच्या मायनसपासून गाडीच्या बॉडीपर्यंत ०.१. आणि बॉडीपासून इंजिनपर्यंत? २.२ व्होल्ट! तिथं पाव व्होल्टाच्या वर असता कामा नये.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळं बॉडीशी त्याचा विद्युत संबंध येतो तो तांब्याच्या विणलेल्या एका पट्टीनं. सेल्फ इंजिनलाच आवळलेला, म्हणून त्याचा सगळा करंट याच पट्टीतून बॅटरीकडं परततो. शंभरेक अँपिअर धरले तर २.२ व्होल्ट म्हणजे ०.०२२ ओहम. मल्टिमीटरच्या ओहमच्या खुंटीवर हे दिसूच शकत नाही, त्याच्या स्वतःच्या वायरींचा रोध त्याहून जास्त असतो. म्हणून नुसती पट्टी तपासून ‘ठीक आहे’ म्हणणं फसवं. शिवाय तांबं साठ अंशांनी तापलं की त्याचा रोध जवळपास चौथा हिस्सा वाढतो. दुपारचा हट्ट त्यातूनच.

पट्टी कुजली तरी करंट परतीची वाट शोधतोच. त्याला सापडली क्लचची पोलादी केबल. बिचारी पेडल ओढायला केलेली, तिच्यावर सेल्फचा भार पडला.

खात्री करायला कॉइलची वायर परत जोडली आणि जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावलं. सेल्फ असा गरगरला की मुलगी आतून ओरडली, “बाबा, लागलं!”

पट्टीच्या अर्ध्याअधिक तारा तुटलेल्या, बाकीच्या हिरव्या पडलेल्या. जाड केबलचा तुकडा, दोन्ही टोकांना दाबून बसवलेले थिंबल, खालचा गंज आणि रंग पॉलिश पेपरनं चकचकीत होईस्तोवर घासला, बोल्ट आवळला आणि वरून व्हॅसलिन. पुन्हा मोजलं: परतीच्या वाटेवर एकूण ०.२, सेल्फवर १०.३.

प्रत्येक ‘टक्’ या परतीच्या वाटेचा, म्हणजे अर्थिंगचाच असतो असं नाही. हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी किंवा तिचे जोड पाहा. दिवे तसेच राहिले आणि टक् आलाच, तर सोलेनॉइडचे, म्हणजे सेल्फला करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचचे, आतले काँटॅक्ट जळलेले असू शकतात. ‘टकटकटक’ अशी रांग लागली तर बहुधा बॅटरी उतरलेली. आवाजच नाही, तर किल्लीपासून सोलेनॉइडला येणारी बारीक वायर टेस्ट लॅम्पनं तपासा.

शनिवारी जुनी केबल घेऊन मिस्त्रीकडं गेलो. वितळलेलं आवरण त्यानं बोटांनी चाचपून पाहिलं.

“काकाजी, मी दोनदा बदलून देल्ली. काहून जळून राहिली, ते नाही पाह्यलं.”

मग त्यानं ती केबल घेतली आणि पान्यांच्या फळीवर, समोरच दिसेल अशी, खिळ्याला टांगली.