बाईंची पाऊणकी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे म्हणून बॅचच्या ग्रुपवर मेसेज आला तेव्हा मी नेमका बिलाच्या लायनीत उभा होतो आणि डोक्यावर पाटी लटकत होती, २० टक्के सूट, त्यावर आणखी १० टक्के. झालं, सातवीचा वर्गच डोळ्यासमोर आला. हेच गणित बाईंनी फळ्यावर लिहिलं होतं आणि मी हात वर करून ठणकावून सांगितलं होतं, ३० टक्के! बाई काही बोलल्या नाहीत, नुसता खडू हातात दिला. १०० चे झाले ८०, पुढचे १० टक्के त्या ८० चे म्हणजे ८ च, उरले ७२. सूट २८. मागच्या बाकावरून एकजण ओरडला, मग ५० वर ५० असेल तर फुकटच की ओ बाई! सगळा वर्ग हसला, त्यालाही खडू मिळाला. (७५ टक्के आलं त्याचं.)

बाईंचं एकच पालुपद, किती गेलं ते नको, किती उरलं ते सांग. ३५ टक्के सूट म्हटली की आपण आधी ३५ टक्के काढणार, मग वजा करणार, मग हातचा चुकणार, त्यापेक्षा सरळ ६५ टक्के काढ ना बाबा. २५ टक्क्यांना तर त्या आकडेमोड करूच द्यायच्या नाहीत, पाऊणकी लाव म्हणायच्या, म्हणजे पाऊण पटीचा पाढा. पावकी, निमकी, पाऊणकी हे आमच्यासाठी आजोबांच्या ट्रंकेतलं सामान, पण २५ टक्के सूट म्हणजे पाऊणकी आणि २५ टक्के कर चढला तर सवायकी, म्हणजे सव्वा पट, हे कळल्यावर ८०० चे ६०० तोंडावरच यायला लागले. आणि २५ चे ३६ टक्के असं काही अडलं तर उलटं कर, ३६ चे २५ टक्के, पाव भाग, ९. ही युक्ती मी अजून लोकांना दाखवून भाव खातो.

कराच्या गणिताला मात्र वर्गात अक्षरशः भांडण झालेलं. आधी सूट की आधी कर? दोन गट पडले. एका गटाने १०० चे ८० केले, त्यावर १० टक्के कर, ८८. दुसऱ्याने आधी ११० केले आणि त्यातून २० टक्के कमी, परत ८८! गुणाकार मागेपुढे केला म्हणून उत्तर थोडंच बदलतं. पण बाईंनी पुढचं विचारलं, कर किती गेला? पहिल्यात ८, दुसऱ्यात १०. गिऱ्हाईक तेवढेच देतं पण दुकानदाराच्या हातात एकदा ८० राहतात आणि एकदा ७८, म्हणून बिल कसं मांडलंय ते बघायचं. कुपन ठरावीक रकमेचं असेल तर मात्र क्रमाने फरक पडतो, २०० मधून आधी १० टक्के आणि मग २० कमी केले तर १६०, उलटं केलं तर १६२.

एवढं शिकूनही पहिल्या नोकरीत मी माती खाल्लीच. करासकट ११० ची पावती, कर १० टक्के, मी बिनधास्त ११० चे १० टक्के म्हणून ११ काढत होतो, मूळ किंमत ९९ यायची आणि हिशोब काही केल्या जुळेना. तेव्हा बाईंची सवायकी आठवली, १२५ मधला २५ टक्के कर हा १२५ चा पाचवा भाग असतो, चौथा नव्हे. वजा नाही करायचं रे, भागायचं, १.१ ने. बाई असत्या तर खडूच फेकून मारला असता.

तर ती लाईन. माझ्या पुढचा माणूस काउंटरवर वाद घालत होता, पाटीवर ३० टक्के आणि बिलात २८ च कसे, फसवता काय लोकांना. खडू कुठला असायला माझ्याकडे, मी मोबाईलवरचा कॅल्क्युलेटर उघडून त्याच्या हातात दिला. त्याने पहिल्यांदा ३० च दाबले.