बोकड चालतो, मग कुत्रा का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो. प्रश्न नेहमीचाच आहे: "बोकड खाता, कोंबडी खाता, मग कुत्रा, मांजर, घोडा का नाही? शेवटी प्राणी तो प्राणीच ना?" मांस तपासणीशी संबंध असलेल्या पशुवैद्याला हा प्रश्न लग्नाच्या पंगतीतही गाठतो. शाकाहारी मंडळींना त्यात ढोंग दिसतं. मांसाहारी मंडळी "आपल्यात चालत नाही" किंवा "घाणेरडं असतं" असं म्हणून विषय मिटवतात. माझं म्हणणं असं की आधी चाऱ्याचा आणि कामाचा हिशेब झाला, त्यातून घराघरात नियम ठरले, आणि पुढे हिशेब विसरला तरी नियम जिभेवर राहिला.

चाऱ्याचा हिशेब बघायचा तर वजडी, म्हणजे बोकडाचं पोट, साफ करण्याआधी उलटी करून बघा. बोकडाच्या पोटाच्या सगळ्यात मोठ्या पिशवीला आतून टर्किश टॉवेलसारखी लव असते. तिला लागून मधाच्या पोळ्यासारखे कप्पे, पुढे वहीच्या पानांसारख्या घड्या, आणि शेवटी एक गुळगुळीत कप्पा, आपल्या जठरासारखा. पहिल्या तीन कप्प्यांत, मुख्यतः मोठ्या पिशवीत, सूक्ष्मजीव गवत, पाला, कडबा आंबवतात. आंबवलेल्या चाऱ्यावर बोकड जगतो आणि पुढे ते सूक्ष्मजीवही पचवून टाकतो. म्हणजे माणसाला ज्यातून काहीही मिळत नाही त्या बाभळीच्या शेंगांचं, बोरीच्या पाल्याचं तो मटण करतो.

वजडीची जी काळी साल आपण खरवडतो ती हीच लव. त्यासाठी पाणी 65 ते 70 अंशांचं हवं, म्हणजे वाफा निघताहेत पण उकळी नाही. त्यात अर्धा-एक मिनिट बुडवायची आणि सुरीच्या पाठीने ओढायची. खळखळतं पाणी ओतलं की साल शिजून घट्ट बसते, मग कितीही घासा, कालवणाला कोठ्याचा वास राहतोच. पाणी कोमट असेल तर साल सुटतच नाही. पुष्कळ घरांत वजडी बंद झाली ती एवढ्या एका चुकीमुळे, असं मला वाटतं.

आता कुत्र्या-मांजराचा हिशेब. त्यांना पाला चालत नाही. मांजर तर मांसाशिवाय नीट जगतच नाही. कुत्रा भाकरी खातो, पण तीही माणसाच्याच ताटातली. अन्नसाखळीत एक पायरी वर चढताना साधारण दहावा हिस्साच पुढे जातो. दहा किलो कोंबडी एखाद्या प्राण्याला घालून त्याच्या अंगावर किलोभर मांस चढवण्यापेक्षा ती दहा किलो कोंबडीच खाल्लेली बरी, हे शिकवायला कुणाला शाळेत जावं लागलं नाही. शिवाय कुत्रा जिवंतपणी राखण करतो, शिकारीत साथ देतो, मेंढरं वळतो. त्याला मारून मिळणारं मांस त्या कामापुढे फारच थोडं.

इथे चाणाक्ष माणूस अडवतो: मग सुरमई? रावस? घोळ? हे मासे तर पक्के मांसाहारी. बरोबर आहे. पण सुरमईला कुणी पोसलेलं नसतं. तिला समुद्राने खाऊ घातलं, कोळ्याचा खर्च होडी, डिझेल आणि बर्फाचा. म्हणून "मांसाहारी प्राणी खात नाहीत" हा नियमच नाही. नियम असा की मांसाहारी प्राणी स्वतःच्या खर्चाने वाढवत नाहीत.

तरी मोठ्या शिकारी माशांची एक किंमत असते. मोरी, म्हणजे आपला छोटा शार्क, घ्या. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात तग धरायला शार्क अंगात युरिया साठवतो. मासा मेला की जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात. म्हणून मोरी पकडल्याबरोबर रक्त काढून बर्फात गेली नाही तर तिला मुतारीसारखा वास मारतो, आणि एकदा तो वास मांसात मुरला की मसाल्याने जात नाही. घेताना पोटाच्या फाटीजवळ नाक नेऊन वास घ्या. घरी आल्यावर उकळतं पाणी ओतून वाळूच्या कागदासारखी कातडी खरवडायची, तुकडे करून मीठ आणि कोकमाच्या आगळात पंधरा-वीस मिनिटं ठेवायचे, धुवायचे आणि मग भाजक्या वाटणात टाकायचे. आंबट अमोनियाला मारतं. मोठ्या शार्कमध्ये पारा साठतो, कारण प्रत्येक लहान माशातला थोडाथोडा पारा वरच्याच्या अंगात जमत जातो. गरोदर बाईने मोठी मोरी टाळावी ती त्यासाठी.

हीच मोरी मुंबईतल्या आणि रायगडातल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, घरात, ज्यांना कोकणात शनवार तेली म्हणत, नियमाप्रमाणे चालत नाही. त्यांचा नियम: माशाला पर हवेत आणि खवले हवेत, तेही कातडी न फाटता निघणारे. शार्कची खरखर कातडीतच रुतलेली असते, म्हणून मोरी बाद. कोळंबी आणि चिंबोरी तर सरळच बाद. त्याच गल्लीत मालवणी कुटुंब मोरीच्या मटणावर जीव टाकतं. मासा एक, समुद्र एक, भाषा एक, आणि दोन्ही घरं आपापल्या जागी मनापासून बरोबर आहेत.

सगळ्यात जास्त गैरसमज डुकराबद्दल. हिशेबात डुक्कर अव्वल आहे. गाभणकाळ 114 दिवस, एका वेळी आठ-दहा पिल्लं, सहा महिन्यांत वजन शंभर किलोच्या आसपास. शेळीचा गाभणकाळ 150 दिवस आणि करडं एक किंवा दोन. मग ज्यू आणि मुसलमान परंपरांनी डुक्कर का नाकारलं? "रोग होतो म्हणून" हे उत्तर मला पटत नाही. स्नायूंत राहणारी ट्रायकिनेला ही अळी माणसाला दिसली तीच 1835 मध्ये, सूक्ष्मदर्शकाखाली. कच्चं मांस खाल्ल्यावर अंगदुखी-ताप यायला बऱ्याचदा आठवडा-दोन आठवडे जातात. दोन हजार वर्षांपूर्वी हा संबंध कुणी जोडला असेल असं मानणं कठीण आहे. शिवाय रोगच कारण असता तर बोकडही सुटला नसता.

हे कलेजीवर बघता येतं. तपासणीत यकृताच्या पित्तनलिका आडव्या कापतात. नळी जाड, कडक, पाइपासारखी लागली आणि दाबल्यावर पानासारखा चपटा किडा बाहेर आला तर तो यकृत-कृमी. कधी कलेजीत किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेला पांढुरका फुगा असतो. तो फुगा कुत्र्याने खाल्ला की त्याच्या आतड्यात बारीक फीतकृमी होतात, त्यांची अंडी विष्ठेतून पाल्यावर, पाण्यात, माणसाच्या हातावर येतात आणि माणसाच्या यकृतात तोच फुगा वाढतो. म्हणून दुकानात असा तुकडा दिसला तर घेऊ नका, आणि कृपा करून कोपऱ्यावरच्या कुत्र्यालाही टाकू देऊ नका.

डुकराच्या फीतकृमीबद्दलही एक गोष्ट नीट कळायला हवी. मांसात तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या गाठी असतात. ते कच्चट राहिलं तर माणसाच्या आतड्यात फीतकृमी होतो. पण मेंदूत गाठी होऊन फिट येतात त्या मांसातून थेट येत नाहीत. त्या येतात फीतकृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतल्या अंड्यांतून, न धुतलेल्या हातांतून, सांडपाण्यावरच्या भाजीतून. आयुष्यभर मांसाला न शिवलेल्या माणसालाही हा आजार होतो. मांस मध्यापर्यंत 71 अंश तापलं की अळी मरते. कोशिंबिरीला ती सोय नाही, तिथे धुणं हाच उपाय.

डुक्कर नाकारण्यामागे मला अधिक पटतं ते असं: ते रवंथ करत नाही, म्हणजे माणसाचंच धान्य आणि कंद खातं. नांगर ओढत नाही, त्याचं दूध काढत नाहीत, लोकर देत नाही. घाम फारसा येत नाही, त्यामुळे सावली आणि चिखल लागतो. कोरड्या, उष्ण, मेंढपाळांच्या मुलखात ते परवडलं नसणार. पाणी आणि सावली भरपूर असलेल्या वसई-गोराईत तेच जनावर ईस्ट इंडियन, म्हणजे तिथल्या मूळच्या कॅथलिक, लोकांच्या सणाचं झालं. त्याचं सोरपोतेल, म्हणजे आंबट कालवण, करताना मांस आणि काळीज आधी उकडून, बारीक कापून, परतून मग व्हिनेगरच्या मसाल्यात शिजवतात. करून दोन-तीन दिवस झाले की ते खरं लागतं, व्हिनेगर मुरल्यामुळे.

बैलाचं गणित आणखी सरळ. देशावर पहिला पाऊस पडल्यावर पेरणीला वाफसा मिळतो तो मोजक्या दिवसांचा. दुष्काळात ज्याने बैल विकला किंवा खाल्ला त्याने पुढचा हंगाम खाल्ला. पोळ्याला ज्याला पुरणपोळी भरवायची त्याच्या मानेवर सुरी चालणार नाही, ही सोय संस्कृतीने करून ठेवली. पुढे कायदा आला: महाराष्ट्रात 1976 च्या कायद्याने गाईची कत्तल बंद झाली, 2015 पासून बैल आणि वळूही त्यात आले; म्हशीला प्रमाणपत्र घेऊन परवानगी राहिली. 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, पण परराज्यातून आलेलं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. म्हणूनच मुंबईच्या देवनार कत्तलखान्यात मोठं जनावर म्हणजे म्हैसवर्गीय. ट्रॅक्टर आला, बैल गेला, तरी श्रद्धा आहे तिथेच आहे, आणि मी तिला कमी लेखणार नाही.

घोड्याबाबत युरोपातही असंच झालं. 732 च्या सुमारास पोप ग्रेगरी तिसरे यांनी घोड्याचं मांस खाण्यावर बंदी घातली. फ्रान्समध्ये 1866 मध्ये त्याची दुकानं कायदेशीर झाली.

कायद्याने "खाण्याचा प्राणी" कुठला, हेही लोक विचारतात. देशाच्या अन्न सुरक्षा नियमांत मेंढी, बकरी, डुक्कर, गाय-म्हैसवर्गीय, कोंबडीवर्गीय पक्षी आणि मासे आहेत. पाळीव ससाही आहे. रानससा मात्र नाही, तो वन्यजीव. कुत्रा त्या यादीत नाही. नागालँडने 2020 मध्ये त्याच्या मांसावर बंदी घातली. 2023 मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाच्या कोहिमा खंडपीठाने तो आदेश रद्द केला. तिथे काही समाजांत ते जुनं अन्न आहे. आपल्या पोटात गोळा येतो म्हणून त्यांना रानटी म्हणणाऱ्यांनी आपली मोरी आणि वजडी बाहेरच्यांना कशी वाटते ते एकदा विचारावं.

आणि आता एमू, म्हणजे शहामृगासारखा मोठा पक्षी. चाऱ्याला ठीक, मांस लाल आणि कमी चरबीचं, कुठल्याही धर्माचा ठळक विरोध नाही. महाराष्ट्रात शेतकऱ्यांनी कर्ज काढून जोड्या घेतल्या. जोपर्यंत एक शेतकरी दुसऱ्याला जोडी विकत होता तोपर्यंत धंदा चालला. मांस विकायची वेळ आली तेव्हा गिऱ्हाईकच नव्हतं, आणि 2012 च्या आसपास सगळं कोसळलं. पक्षी कापायला येईपर्यंत सव्वा-दीड वर्ष खातो. मुंबईतल्या खाटकाला त्याची मांडी कशी सोडवायची ते ठाऊक नव्हतं. चरबी नसल्यामुळे ते मांस पातळ कापून झटपट परतावं लागतं. मटणासारखं पाऊण तास कुकरला लावलं की चोथा होतो. ब्रॉयलरलाही सुरुवातीला लोकांनी "इंग्लिश कोंबडी, चव नाही" म्हणून नाकं मुरडली होती. पण तो सहा आठवड्यांत, साडेतीन किलो खाद्यात दोन किलोचा होतो, खाटकाला त्याचे तुकडे माहीत होते, आणि घरी आणल्यावर वाटण तेच, रस्सा तोच, भाकरी तीच.