चालू झालाय, पण कोणासाठी?

कॉम्प्युटर असेंब्ली आणि रिपेअरच्या कामात साउंड कार्ड बसवणं मी कायम सोप्यात धरायचो, कॅबिनेट उघडा, कार्ड दाबून बसवा, ड्रायव्हर टाका, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगमध्ये, जाऊन ऑनबोर्ड, म्हणजे मदरबोर्डवरचंच, साउंड बंद करा म्हणजे दोन कार्डांचा गोंधळ नको, आणि निघा. ही शेवटची स्टेप तर हाताला इतकी सवयीची झालेली की विचारच करायचो नाही. त्या दिवशी सकाळी दहाला ज्या ताईंकडे गेलो तिथून संध्याकाळी सातला उठलो, आणि त्यातला अर्धा वेळ त्या एका सवयीपायी गेला.

ताई ऑडिओबुकचं एडिटिंग करतात. वाचणारे लोक रेकॉर्डिंग पाठवतात, त्यातले श्वास, तोंडाचे चटचट आवाज, अडखळलेली वाक्यं साफ करायची, लेव्हल सारखी करायची आणि फायनल फाइल द्यायची. ज्यांना फाइल जाते त्यांची अट अशी की आवाजाचा पीक, म्हणजे सगळ्यात मोठा आवाज, -३ डीबीच्या वर जाता कामा नये आणि शांत जागेतला नॉइज -६० डीबीच्या खाली हवा. ताईंना जन्मापासून दिसत नाही. सगळा कॉम्प्युटर त्या एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर, चालवतात, मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ साली सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर, फुकट मिळतं. एडिटिंगला रीपर हा प्रोग्राम, आणि त्यातलं सगळं बोलून दाखवायला ओसारा नावाचं एक्स्टेन्शन. स्क्रीन रीडरला त्या 'ती' म्हणतात, ती बोलली, ती थांबली, असं.

मी पिशवी खाली ठेवायच्या आतच त्यांनी हेडफोन माझ्या हातात दिला, म्हणाल्या, आधी ऐक. रीपरमध्ये एक रिकामा ट्रॅक प्ले केला होता. पहिल्यांदा मला काही ऐकू आलं नाही, मग अगदी मागे एक बारीक भुणभुण, मधमाशी बाटलीत कोंडल्यासारखी. "आता खिडकी मिनिमाइझ करते," म्हणाल्या आणि दोन की दाबल्या, भुणभुण गेली. परत मोठी केली, परत आली. "प्ले चालू असताना पडद्यावर एक रेघ सरकत असते म्हणे. ती सरकते तोपर्यंत हा आवाज येतो. बरोबर ना?"

शंभर टक्के बरोबर. रेघ सरकते म्हणजे ग्राफिक्स कार्ड सतत चित्र नव्याने काढतं, तसा त्याचा करंट वरखाली होतो, आणि मदरबोर्डच्या एकाच ग्राउंडवर ऑनबोर्ड ऑडिओचं अ‍ॅनालॉग सर्किटपण बसलेलं असतं त्यामुळे ती चुळबूळ तिथे झिरपते. बऱ्याच जणांना माउस हलवला की हेडफोनमध्ये खरखर येते ती हीच. पण लोक मला 'आवाज खराब येतो' एवढंच सांगतात, कधी येतो आणि काय केलं की जातो हे इतकं नेमकं आजवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि हे सांगणाऱ्या बाईंनी ती रेघ कधी पाहिलेलीच नाही.

त्यांची खरी अडचण वेगळीच होती. रेकॉर्डिंगमध्ये मागे काही घूं घूं वाटली की ती फाइलमधली की मशीनमधली हे कळायचंच नाही. मीटर बघायची सोय नाही, कानावरच सगळं, आणि कानात कायम मधमाशी. म्हणून पैसे साठवून चांगलं इंटर्नल कार्ड घेतलेलं, २४ बिट १९२ किलोहर्ट्झ, वेगळा हेडफोन अ‍ॅम्प असलेलं, एसएमपीएसमधून, म्हणजे मशीनच्या पॉवर सप्लायमधून, स्वतंत्र पॉवर घेणारं.

कार्ड बसवायच्या आधी त्यांना ते हातात घेऊन बघायचं होतं. मी त्यांना आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायला सांगितला, अंगातली स्टॅटिक जाऊ दे म्हणून, मग अँटीस्टॅटिक पिशवीतून कार्ड काढून पट्टीच्या बाजूने हातात दिलं. सोनेरी कडेला बोट नको म्हटलं तर म्हणाल्या, नाही लावत, फक्त खाच कुठेय ते दाखव. नखाने ती बारीक खाच त्यांनी शोधली, एका बाजूला मोठा तुकडा, दुसऱ्या बाजूला छोटा, म्हणजे उलटं बसूच शकत नाही हे त्यांचं त्यांनाच कळलं. मग बोटं हळूहळू वर गेली, कपॅसिटरच्या टोप्या मोजल्या, आणि दोन चपट्या धातूच्या डब्यांवर येऊन थांबली. "ह्या शेजारी शेजारी दोन सारख्याच कशाला?"

ते क्रिस्टल, कार्डाला ठेका देणारी घड्याळं. एक २२.५७९२ मेगाहर्ट्झचा, एक २४.५७६ चा. पहिल्याला ५१२ ने भागलं की बरोब्बर ४४,१०० येतं, म्हणजे सीडीचा रेट, सेकंदाला आवाजाचे तेवढे नमुने, दुसऱ्याला ५१२ ने भागलं की ४८,०००, व्हिडिओवाल्यांचा. दोन्ही रेटला आपापलं घड्याळ, एकातून दुसरं ओढूनताणून काढायला नको. ताईंनी दोन्ही डब्यांवर एकेक बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "मला एकजण ४८ ची फाइल पाठवतो आणि ती मागे एकदा ४४.१ म्हणून वाजली होती, माणूस झोपेत बोलल्यासारखा वाटत होता." असंच होतं, वेग आठ टक्क्यांनी कमी आणि सूर जवळजवळ दीड सेमिटोनने खाली. मला हे गणिताने माहीत होतं, त्यांना आवाजाने.

मग काम सुरू केलं. मेन स्विच बंद, वायर काढली, पॉवर बटण दाबून धरलं म्हणजे उरलासुरला चार्ज जातो. ग्राफिक्स कार्ड दोन स्लॉटची जागा खाणारं, त्याच्याखाली एक्स-वनचा, म्हणजे सगळ्यात छोटा, एक स्लॉट दबलेला, त्याच्या खालचा मोकळा होता तिथे कार्ड बसवलं, पॉवरची वायर जोडली, स्क्रू आवळला. चालू केलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डचा पत्ताच नाही. पिवळं चिन्हही नाही, काहीच नाही. परत काढून बसवलं, तेच. शेवटी मदरबोर्डचं मॅन्युअल काढलं आणि बारीक अक्षरातली ओळ सापडली की दुसऱ्या एम डॉट टू मध्ये, म्हणजे बोर्डावरच्या एसएसडीच्या खाचेत, एसएसडी असेल तर हा स्लॉट बंद राहतो, दोघांच्या लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, एकच. एसएसडी होतीच तिथे. सगळ्यात खालच्या लांब स्लॉटमध्ये तेच कार्ड घातलं, एक्स-वन कार्ड मोठ्या स्लॉटमध्ये बिनधास्त चालतं, आणि लगेच दिसलं. यात पाऊण तास गेला पण ह्याला मी अडचण म्हणत नाही, हे नेहमीचंच.

खरी चूक पुढे. ड्रायव्हर टाकायच्या आधी सवयीने बायोसमध्ये गेलो, ऑनबोर्ड ऑडिओ डिसेबल, सेव्ह, रीस्टार्ट. विंडोज आलं, डेस्कटॉप दिसला. मी म्हटलं, झालं ताई, चालू झालाय.

ताई खुर्चीवर होत्या, दोन्ही हात कीबोर्डवर, मान जराशी वाकलेली. काही बोलल्या नाहीत. मी माउस घेऊन ड्रायव्हरचं फोल्डर उघडलं, सेटअप चालवला, तो हळूहळू पुढे सरकत होता, मी आपला पडद्याकडे बघतोय. तीन-चार मिनिटं गेली असतील. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "चालू झालाय, पण कोणासाठी?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि अंगावर काटा आला. ऑनबोर्ड मी बंद केलेलं, नव्या कार्डाला अजून ड्रायव्हर नाही, म्हणजे आवाज बाहेर पडायला मशीनमध्ये एकही वाट नव्हती. ती बोलणार कुठून? माझ्यासमोर झळझळीत डेस्कटॉप होता आणि त्याच क्षणी त्याच मशीनसमोर बसलेल्या ताईंसाठी ते मशीन मेलेलं होतं. कुणाचा मॉनिटर त्याला न विचारता उपटून ठेवावा आणि म्हणावं की झालं तुमचं काम, तसं मी केलं होतं. आणि मी तिथे नसतो तर? बायोस तर बोलत नाही, तिथे विंडोज आलेलंच नसतं तर स्क्रीन रीडर कुठला, त्यांना एकटीने ते सेटिंग परत फिरवणं शक्यच नव्हतं.

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, माफीचं राहू दे, आधी तिला बोलती कर. माझ्या बॅगेत एक साधा यूएसबी हेडसेट असतो, तो लावला. यूएसबी ऑडिओचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासूनच असतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. ताईंनी कंट्रोल ऑल्ट एन दाबलं, स्क्रीन रीडर नव्याने सुरू झाला आणि हेडसेटमध्ये ती बोलायला लागली. त्यांचे खांदे खाली आलेले मला दिसले. तेव्हापासून असा कॉल असला की मी कॅबिनेट उघडायच्या आधी हेडसेट लावून, तो बोलतोय याची खात्री करून मगच स्क्रू ड्रायव्हर हातात घेतो.

ड्रायव्हर पूर्ण झाला, रीस्टार्ट झाल्यावर कार्डातून टक्क असा रिलेचा आवाज आला, तो ताईंनी माझ्या आधी ऐकला. हेडफोन लावला, रिकामा ट्रॅक प्ले, खिडकी मोठी, खिडकी छोटी, परत मोठी. मधमाशी गेली होती. पण टेबलावरचे पॉवर्ड स्पीकर जोडल्यावर त्यातून घुमायला लागलं. मी म्हणायच्या आत ताई म्हणाल्या, ही ती नाही, ही खूप खालची आहे आणि सलग आहे, खिडकीने फरक पडत नाही. ५० हर्ट्झ, म्हणजे मेनचा हम. हेडफोनमध्ये नाही, फक्त स्पीकरमध्ये, म्हणजे कार्डात दोष नाही, ग्राउंड लूप, दोन जागी अर्थिंग जोडलं गेलं की होतो तो. एकेक वायर काढत गेलो, प्रिंटर, नेटवर्क, आणि ग्राफिक्स कार्डमधून बाहेरच्या टीव्हीला गेलेली एचडीएमआय काढल्यावर एकदम शांत. टीव्हीला केबलची लाइन होती, तिचं अर्थिंग भलतीकडे. ती वायर तशीही कुणी वापरत नव्हतं. हम जावा म्हणून प्लगची अर्थची पिन काढून टाकणारे लोक मी पाहिलेत, कृपा करून ते कधीही करू नका, ती पिन माणसाच्या जिवासाठी आहे.

वाटलं संपलं. ताईंनी रीपर उघडलं, मी त्यात कार्डाचा असिओ ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला वगळून थेट कार्डाशी बोलणारा, निवडून दिला, प्रोजेक्ट ४४.१ चा, प्ले दाबलं, आवाज सुंदर, आणि ताई म्हणाल्या, "ती परत गेली."

ह्या कार्डाचा असिओ ड्रायव्हर रीपरने धरला की विंडोजचे बाकी सगळे आवाज बंद. वासापीचा, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या ऑडिओ वाटेचा, एक्सक्लुझिव्ह मोड घेतला तरी तेच, त्याचा अर्थच तो आहे की कार्ड एकाच प्रोग्रामच्या ताब्यात. म्युझिकवाल्यांना हे हवंच असतं, मधे नोटिफिकेशनची टिंग नको. पण ताईंचा स्क्रीन रीडर हासुद्धा विंडोजसाठी एक आवाजच. प्ले करायचं तर आंधळेपणाने करायचं, आणि काय निवडलंय हे ऐकायचं तर प्ले बंद, असं कसं काम होणार. शेअर्ड मोडवर दोन्ही चालतात, तेही करून पाहिलं, पण मग ती आणि रेकॉर्डिंग एकाच हेडफोनमध्ये एकमेकांवर बोलतात, आणि ताईंना नेमकं तेच नको होतं.

मग मी परत बायोसमध्ये गेलो आणि जे सकाळी बंद केलं होतं ते चालू केलं. ऑटो नाही, एनेबल्ड, कारण काही बोर्ड ऑटोवर दुसरं कार्ड दिसलं की ऑनबोर्ड आपोआप बंद करतात. एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये आउटपुट म्हणून डिफॉल्ट न ठेवता ऑनबोर्डचं नाव घालून निवडलं, म्हणजे उद्या अपडेटने डिफॉल्ट बदललं तरी ती जागची हलणार नाही. रीपरला नवं कार्ड असिओवर, बफर, म्हणजे आधी साठवून ठेवायचा आवाज, ५१२ सॅम्पल, ४४.१ ला साधारण साडेअकरा मिलिसेकंद, एडिटिंगला तेवढा उशीर जाणवत नाही आणि चटचट येत नाही. ऑनबोर्डच्या हिरव्या जॅकला एक छोटासा जुना स्पीकर लावून टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात ठेवला. ताईंचे हेडफोन ओपन-बॅक, बाहेरचं आत ऐकू येतं. आता ती डावीकडून खोलीतून बोलते, आणि रेकॉर्डिंग कानात. छोट्या स्पीकरमध्ये मधमाशी अजूनही आहे म्हणा, पण तिच्या बोलण्यात ती असली काय नसली काय.

मी ताईंना मशीन पूर्ण बंद करून पुन्हा स्वतः चालू करायला सांगितलं आणि भिंतीपाशी उभा राहिलो, कशालाही हात लावला नाही. टक्क झालं. डावीकडून ती बोलली. ताईंनी चालू असलेल्या पुस्तकाचा प्रोजेक्ट उघडला आणि एका वाक्याआधीची शांतता प्ले केली, चार-पाच सेकंदांची. परत केली. खिडकी मिनिमाइझ करून परत केली. मग हेडफोनची एक बाजू कानावरून सरकवून म्हणाल्या, "पंखा आहे. वाचणाऱ्याच्या खोलीत. मी दोन महिने मशीनला दोष देतेय." हेडफोन नीट केला आणि एम दाबलं, डाव्या कोपऱ्यातून ती म्हणाली, मार्कर एक. पुढचं वाक्य, एम, मार्कर दोन. मी पिशवी भरेपर्यंत मार्कर सातपर्यंत गेल्या होत्या.